मिरजेचे मिशन रुग्णालय : सेवेचा निर्णय आणि त्यामागचा हिशेब

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात :

- एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय मिशनरी भारतात का आले आणि त्यांनी कोणता पर्याय नाकारला.
- मिरजेच्या रुग्णालयात गरिबांचा उपचार कोणत्या आर्थिक व्यवस्थेवर उभा होता.
- या सेवेच्या मर्यादा कोणत्या, आणि पुढच्या पिढीने त्यांना काय उत्तर दिले.

1. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, सेवाभावी डॉक्टरांच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गोष्ट बहुधा एकाच वळणाने जाते. हुशार तरुण डॉक्टर होतो, मोठी प्राप्ती समोर असते, तो ती सोडतो आणि गरिबांमध्ये जाऊन राहतो. ऐकणाऱ्याला गहिवरून येते आणि गोष्ट तिथेच संपते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तिथे थांबून चालत नाही. निर्णय एका दिवसाचा असतो. रुग्णालय चाळीस वर्षे चालवायचे असते. औषधे कोण आणतो, कापूस आणि क्लोरोफॉर्मचे पैसे कोण देतो, रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार कुठून येतो, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या त्यागाचे खरे मोल कळत नाही.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. एखादे यंत्र समजावून देताना आम्ही आधी विचारतो, ऊर्जा आत कुठून येते आणि बाहेर कुठे जाते? हाच प्रश्न संस्थेला लावला तर तिचा इतिहास जास्त स्पष्ट दिसतो. या टिपणात तो प्रश्न आपण मिरजेच्या मिशन रुग्णालयाला विचारणार आहोत.

2. पार्श्वभूमी : नाकारलेला पर्याय

भारतीय उपखंडातील वैद्यकीय मिशनची सुरुवात सांगताना जॉन स्कडर यांचे नाव पहिले घेतले जाते. न्यू यॉर्कमध्ये त्यांचा चांगला चाललेला दवाखाना होता. 1819 मध्ये तो सोडून ते सपत्नीक श्रीलंकेला गेले आणि पुढे मद्रासला आले. त्यांच्या घराण्यातील अनेकांनी पुढच्या पिढ्यांत भारतात काम केले.

स्त्री डॉक्टरांचे येणे त्याहून महत्त्वाचे ठरले. परदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, आणि त्यामुळे बाळंतपणात अनेकींचा जीव जात असे. डॉ. क्लारा स्वेन 1870 मध्ये बरेलीला पोचल्या. रामपूरच्या नवाबांनी दिलेल्या जागेवर त्यांनी स्त्रियांचे रुग्णालय उभारले. डॉ. एडिथ ब्राउन यांनी 1894 मध्ये लुधियानात स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. जॉन स्कडर यांची नात आयडा हिला खरे तर मिशनरी व्हायचे नव्हते. तिने पुढे सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. एकाच रात्री तीन वेगवेगळ्या घरांतले पुरुष अडलेल्या बायकोसाठी मदत मागायला आले. तिचे वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टर तिघांनाही चालत नव्हता, आणि ती स्वतः तेव्हा काहीच शिकलेली नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेला परतली, 1899 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर झाली आणि वेल्लोरला आली. आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तिच्याच कामातून वाढले.

या सर्वांनी नाकारलेला पर्याय खरोखरच मोठा होता. 1846-47 मध्ये ईथर आणि क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला. 1867 मध्ये लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध झाली. 1884 मध्ये कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येऊ लागला. त्यामुळे शतकाच्या अखेरीस शस्त्रक्रिया हे पाश्चात्त्य शहरांत प्रतिष्ठेचे आणि उत्तम प्राप्तीचे काम झाले होते. नेमक्या याच काळात एक तरुण शल्यचिकित्सक दक्षिण महाराष्ट्रात आला.

3. वानलेस आणि मिरज

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यू यॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे करून 1889 मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. पत्नी मेरी त्यांच्याबरोबर होत्या. सुरुवातीला त्यांनी सांगलीत दवाखाना चालवला. मग मिशनने मिरज हे ठिकाण निवडले आणि 1894 मध्ये तिथे रुग्णालय सुरू झाले.

मिरजच का? नकाशा पाहिला तर उत्तर मिळते. पुणे ते लोंढा हा सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग मिरजेवरून गेला होता, आणि 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर फाटा सुरू झाला होता. म्हणजे पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड आणि कोल्हापूर या सगळ्या दिशांनी माणूस गाडीत बसून मिरजेला पोचू शकत होता. 1927 मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लाइनही येऊन मिळाली. ज्या काळात खेड्यातल्या रोग्याला खाटेवर घालून बैलगाडीने न्यावे लागे, त्या काळात रेल्वेच्या जंक्शनवरचे रुग्णालय म्हणजे शेकडो मैलांच्या टापूचे रुग्णालय. मराठी आणि कानडी अशा दोन्ही मुलखांतले रोगी तिथे एकाच वऱ्हांड्यात बसत.

रोग्याबरोबर नातेवाईक येत, शिधा बांधून आणत, चूल मांडून स्वयंपाक करत. जातीचे निर्बंध कडक होते. परक्या हातचे अन्न न चालणारा माणूस परक्या हातची शस्त्रक्रिया मात्र करून घेत होता. मोतीबिंदू आणि मूतखडा ही त्या काळातल्या अशा रुग्णालयांची नित्याची कामे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने आंधळा म्हणून ओसरीवर बसवलेला म्हातारा पुन्हा शेतात जाऊ लागे. त्याहून बोलका प्रचार दुसरा नव्हता. गावात परतलेला एक डोळस माणूस पुढच्या वर्षी दहा माणसे पाठवत असे.

नाव संस्थानिकांपर्यंत पोचले. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि वानलेस यांचा चांगला संबंध होता. बालगंधर्वांच्या चरित्रांत एक हकीकत येते. नारायण राजहंस या मुलाच्या कानाला दोष होता, म्हणून शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेला वानलेस यांच्याकडे पाठवले. पुढे 1905 मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मिरजेच्या या रुग्णालयाला असा एक लहानसा कोपरा आहे.

4. पैसा कुठून आला, कुठे गेला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिशनच्या पद्धतीनुसार परदेशी डॉक्टरला ठरावीक निर्वाहवेतन मिळे. ते त्याच्या कौशल्यावर ठरत नसे. शाळा चालवणारा मिशनरी आणि नावाजलेला शल्यचिकित्सक यांच्या वेतनात फारसा फरक नसे. डॉक्टरने घेतलेली फी त्याच्या खिशात जात नसे, ती रुग्णालयाच्या खात्यात जमा होत असे.

हा नियम वरवर साधा दिसतो, पण सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी होती. समजा एखादा इनामदार किंवा व्यापारी मिरजेला आला, त्याने स्वतंत्र खोली घेतली आणि शस्त्रक्रियेची भरपूर फी दिली. खासगी डॉक्टरकडे ती रक्कम डॉक्टरची कमाई झाली असती. इथे तिच्यातून सार्वजनिक कक्षातल्या दहा रोग्यांची औषधे निघत. ज्याला देणे शक्य आहे त्याने द्यावे, ज्याला नाही त्याने नुसते यावे, आणि दोघांवर शस्त्रक्रिया करणारा हात मात्र एकच असावा. इमारती आणि मोठी यंत्रसामग्री यासाठी अमेरिकेतून देणग्या येत, पण रोजच्या खर्चाचा मोठा भाग अशा स्थानिक उत्पन्नातून भागवला जाई.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, श्रीमंत रोगी मिरजेला दयेपोटी येत नव्हता, उत्तम शस्त्रक्रिया मिळते म्हणून येत होता. म्हणजे गरिबाचा मोफत उपचार डॉक्टरच्या नुसत्या चांगुलपणावर टिकत नव्हता, त्याच्या हातातल्या कौशल्यावर टिकत होता. दर्जा घसरला असता तर पैसे देणारा रोगी गेला असता आणि त्याच्या मागोमाग न देणाऱ्याचा आधारही गेला असता. दुसरी, वानलेस यांनी संपत्ती एकदाच सोडली असे नाही. प्रत्येक मोठी फी हातात आली की ती पुन्हा सोडावी लागत होती. ते जवळजवळ चाळीस वर्षे चालले.

त्या पैशांतून आणि देणग्यांतून काम वाढत गेले. 1897 मध्ये भारतीय तरुणांना शिकवण्यासाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिथून तयार झालेले डॉक्टर इतर ठिकाणच्या मिशन रुग्णालयांत गेले. कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. त्या काळात कुष्ठरोगावर चालमोगरा तेलापलीकडे फारसा इलाज नव्हता, आणि रोग्याला घरचे लोकही बाहेर काढत. म्हणून औषधाइतकाच निवारा महत्त्वाचा होता. क्षयरोग्यांसाठी सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान आरोग्यधाम उभे राहिले. तो भाग आज वानलेसवाडी म्हणून ओळखला जातो. मेरी वानलेस 1906 मध्ये वारल्या, त्यांच्या स्मरणार्थ कोल्हापुरात रुग्णालय झाले. 1928 मध्ये ब्रिटिश सरकारने वानलेस यांना 'सर' हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि 1933 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर डॉ. चार्ल्स व्हेल यांनी काम पुढे नेले.

5. तुलना : अन्नछत्र आणि रुग्णालय

मी राहतो त्या वाराणसीत, रामघाटाच्या परिसरात, मराठी वैदिकांची जुनी वस्ती आहे. या घाटांवर पेशव्यांनी, सरदारांनी आणि अहिल्याबाई होळकरांनी धर्मशाळा, घाट, अन्नछत्रे उभारली. गरजूला विन्मुख पाठवू नये ही कल्पना महाराष्ट्राला मिशनऱ्यांनी शिकवली, असे म्हणणे म्हणून चुकीचे ठरेल. ती आपल्याकडे जुनी आहे, आणि वैद्यकी विकू नये हा आदर्शही आयुर्वेदात जुना आहे.

फरक रचनेत आहे. अन्नछत्राला दाता एक, आणि घेणारे अनेक. दात्याचे गाव, इनाम किंवा राज्य गेले की छत्र आटते. शिवाय कोणत्या पंगतीत कोण बसेल हे बहुधा जातीने ठरलेले असे. मिरजेच्या रुग्णालयात देणारा आणि घेणारा दोघेही रोगी होते, आणि दरवाजा जात विचारत नव्हता. गरिबाच्या बाजूने पाहिले तर हा फरक लहान नाही. दात्याची मर्जी राखण्याचे ओझे त्याच्या अंगावरून उतरत होते.

6. मर्यादा

इतिहासलेखनात आदर आणि तपास दोन्ही लागतात. मिशन रुग्णालयांची बरीचशी माहिती वार्षिक अहवालांतून मिळते, आणि ते अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत. यशाच्या गोष्टी त्यांत ठळक असणार, हे वाचताना लक्षात ठेवले पाहिजे. तीन मुद्दे विशेष तपासावेत.

*हेतू.* वैद्यकीय काम हे धर्मप्रसाराचे साधन आहे, असे मिशन उघडपणे मानत होते. दवाखाना उघडण्याआधी प्रार्थना आणि प्रवचन हा नेहमीचा भाग होता. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असेल तर सेवा निखळ राहत नाही, हा गांधीजींचा आक्षेप सर्वश्रुत आहे. तो गंभीर आहे. त्याच वेळी हेही पाहावे लागते की येणाऱ्यांपैकी बहुतेक लोक प्रवचन ऐकून, डोळा बरा करून, आपापल्या देवाकडे आणि गावाकडे परत जात होते, आणि त्यामुळे त्यांना उपचार नाकारला जात नव्हता.

*राहणीमान.* परदेशी मिशनरी दरिद्री नव्हते. बंगला, नोकरचाकर, उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण, काही वर्षांनी मायदेशी रजा, हे त्यांना मिळे. त्यांनी सोडली ती संपत्ती. सुस्थिती सोडली नव्हती. हा फरक नीट मांडला की त्यांच्या निर्णयाची किंमत कमी होत नाही, ती मोजता येते.

*विषमता.* परदेशी मिशनरी आणि भारतीय सेवक यांच्या वेतनश्रेणी वेगळ्या होत्या. त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या मराठी ख्रिस्ती कंपाउंडर, परिचारिका आणि सहायक डॉक्टर यांचा त्याग बहुधा अहवालात नावानिशी येत नाही, आणि त्यांच्या नावाने वाडीही वसत नाही.

7. एक मराठी नाव : गुरुबाई करमरकर

या न दिसणाऱ्या माणसांपैकी एक नाव आपल्याला ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या आणि 1887 मध्ये, काम सुरू करण्याआधीच, वारल्या. त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्याच महाविद्यालयातून 1892 मध्ये गुरुबाई करमरकर पदवीधर झाल्या. 1893 मध्ये त्या भारतात परतल्या आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी मुंबईत 23 वर्षे काम केले.

त्या काळात परदेशी पदवी असलेल्या भारतीय स्त्री डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मुंबईत धनिक घराण्यांची कमतरता नव्हती, आणि त्या घरांतल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी होती. गुरुबाईंचे काम मात्र मुख्यतः समाजाने दूर ठेवलेल्या लोकांमध्ये आणि दुष्काळाने उघड्या पडलेल्या बायकामुलांमध्ये झाले. वानलेस यांना परत जायला एक देश होता, मिशनचे पूर्ण वेतन होते आणि शेवटी किताब मिळाला. गुरुबाईंच्या निर्णयाला यातले काहीच पाठीशी नव्हते. 1932 मध्ये त्या वारल्या. सेवेच्या इतिहासात त्यांना वानलेस यांच्या शेजारीच बसवायला हवे.

8. व्यवस्था का ढासळली आणि जामखेडने काय केले

स्वातंत्र्यानंतर परदेशी डॉक्टर हळूहळू परतले आणि देणग्या कमी झाल्या. तपासणीची यंत्रे महाग होत गेली. पण मिरजेची व्यवस्था ज्या तत्त्वावर उभी होती त्याला मुख्य धक्का दुसरीकडून बसला. मिरज ही वैद्यकनगरी झाली. 1962 मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि गावात खासगी रुग्णालये वाढत गेली. चांगली फी देणारा रोगी त्यांच्याकडे वळू लागला. गरीब रोगी मागे उरला, पण त्याचा खर्च उचलणारा शेजारच्या खोलीतला रोगी उरला नाही. देशभरातील अनेक मिशन रुग्णालये याच कारणाने अडचणीत आली. यात कोणाचाही दुष्टपणा शोधायची गरज नाही. पैशाचा प्रवाह वळला, एवढेच झाले.

याच परंपरेतल्या एका डॉक्टर जोडप्याने वेगळा विचार केला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरचे पदवीधर होते. 1960 च्या दशकात नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की तेच रोगी, तेच आजार घेऊन, पुन्हा पुन्हा येतात. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू. रुग्णालय कितीही चांगले चालवले तरी आजार गावातच तयार होत होता. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले, आणि 1970 मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक दलित समाजातल्या होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. सुरक्षित बाळंतपण, मुलांचे वजन, लसीकरण, जुलाबात पाजायचे मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग आणि क्षयरोगाची लवकर ओळख, हे ज्ञान डॉक्टरकडून त्यांच्याकडे गेले. ज्या बाईला कालपर्यंत विहिरीवर येऊ देत नसत, तिला आज बाळंतिणीच्या खोलीत बोलावणे येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 1978 च्या अल्मा-आटा परिषदेआधीच या कामाची दखल घेतली होती, आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वानलेस यांनी आपली फी सोडली. आरोळ्यांनी त्यापुढे जाऊन डॉक्टरची मक्तेदारी सोडली. संपत्तीचे मूळ अनेकदा ज्ञान स्वतःपाशी राखून ठेवण्यात असते, म्हणून हा त्याग अधिक खोल म्हणावा लागेल. शिवाय त्याला पैसे देणाऱ्या श्रीमंत रोग्याची वाट पाहावी लागत नव्हती.

9. सारांश

वैद्यकीय मिशनऱ्यांचा निर्णय धर्मश्रद्धेतून आला, पण तो टिकला नियमामुळे आणि हिशेबामुळे. मिरजेत फी रुग्णालयाची, वेतन ठरावीक आणि दरवाजा सर्वांना खुला अशी बांधणी होती. ती असेपर्यंत एका माणसाची सदिच्छा लाखो लोकांपर्यंत पोचू शकली. बांधणी सुटली तेव्हा सदिच्छा पुरी पडली नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर, अभियंता किंवा वकील होईल आणि आपले कौशल्य गरिबांच्या उपयोगी पडावे असे त्याला वाटेल. त्याने मनाचा निर्धार करावाच, पण त्याच दिवशी वही उघडून हेही लिहावे : पैसा कुठून येईल, कोणाच्या खात्यात जाईल, आणि मी नसताना हे काम कोण करील.

स्वाध्याय

1. मिरजेच्या रुग्णालयाच्या वाढीत रेल्वेचा वाटा स्पष्ट करा.
2. श्रीमंत रोग्याच्या फीतून गरिबाचा उपचार ही पद्धत कोणत्या परिस्थितीत चालते आणि कोणत्या परिस्थितीत मोडते? मिरजेच्या आधारे लिहा.
3. संपत्तीचा त्याग आणि सुस्थितीचा त्याग यांतील फरक वानलेस आणि गुरुबाई करमरकर यांच्या उदाहरणांवरून सांगा.
4. देणगीदारांसाठी लिहिलेला अहवाल इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्याल?
5. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या धर्मादाय रुग्णालयाला भेट द्या. त्याचा रोजचा खर्च कशातून भागतो याची माहिती घेऊन दोन पानांचे टिपण लिहा.